रस्ता चांगला आहे, म्हणूनच जपा

राजस्थानला बाईकवर निघणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वाळूत गाडी कशी चालवायची? प्रश्न रास्त आहे, पण दुय्यम. थरच्या वाळवंटात तुमची गाडी दिवसभरात फार तर काही शे मीटर वाळूतून जाते, उरलेले अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर डांबरावरून. आणि हे डांबर कसं, तर आपल्याकडच्या राज्यमार्गांनी मान खाली घालावी असं. सरहद्दीचा मुलूख, लष्कराची सततची ये-जा, त्यामुळे सीमा रस्ते संघटनेने रस्ते झकास राखले आहेत. खड्डा नाही, घाट नाही, सिग्नल नाही. समोरून वाहन आलंच तर बऱ्याच वेळाने एखादं. रोज चाकणच्या नाहीतर घोडबंदरच्या गर्दीत क्लच दाबून ज्याचा डावा हात भरून येतो, त्याला असा रस्ता मिळाला की तो मूठ पिळतोच. माणूस फसतो तो इथे. वाळूची भीती वाटते म्हणून वाळूत आपण सावध असतो. चांगल्या रस्त्याची भीती कुणालाच वाटत नाही.

म्हणून एकच दिवस घेऊ आणि तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत नीट लावू. जैसलमेरहून वायव्येला रामगढ, साठ-पासष्ट किलोमीटर. रामगढहून पश्चिमेला लोंगेवाला, पंचेचाळीसच्या आसपास. तिथून उत्तरेला तनोट चाळीसेक, आणि तनोटहून पंचावन्न-साठ किलोमीटर खाली उतरून पुन्हा रामगढ आणि जैसलमेर. सगळा फेरा साधारण पावणेतीनशेचा. पुण्या-मुंबईहून तीन दिवस गाडी हाणत जैसलमेर गाठलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटतो. चार तासांचं काम आहे म्हणत तो नाश्ता करून, किल्ला बघून, अकराला निघतो. आणि मग परतीचे शेवटचे साठ किलोमीटर अंधारात करतो.

हा दिवस उजेडावर मोजायचा. डिसेंबरअखेरीस जैसलमेरला सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. म्हणजे उजेड साडेदहा तास. त्यातला सकाळचा अर्धा तास आणि संध्याकाळचा एक तास सोडून द्या, का ते पुढे सांगतो. उरले नऊ. या रस्त्यांवर चहापाणी, फोटो आणि मेंढ्यांचे कळप धरून ताशी पंचावन्नची सरासरी पडली तरी उत्तम. म्हणजे पाच तास गाडीवर. लोंगेवाला आणि तनोट मिळून दोन तास, जेवण आणि झोप मिळून एक, इतर थांबे अर्धा. साडेआठ झाले. हातात उरला अर्धा तास. एक पंक्चर झालं की तोही गेला.

हंगामाबद्दल फार बोलायचं कारण नाही: नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मे महिन्यात 'खरं वाळवंट' अनुभवायला जाणारे भेटतात, त्यांना एवढंच सांगायचं की भारतातलं आजवरचं सर्वाधिक नोंदलेलं तापमान, ५१ अंश, याच पट्ट्यातल्या फलोदीचं आहे, १९ मे २०१६ चं. पाऊस वर्षाला वीस सेंटिमीटरच्याही आत, तरी त्यालाही गृहीत धरू नका. बारमेरजवळच्या कवास गावात ऑगस्ट २००६ मध्ये पूर आला, तेव्हा वाळूखाली जिप्समचा थर असल्याने पाणी मुरेना आणि कित्येक आठवडे गाव पाण्यात राहिलं. वाळूत पाणी लगेच जिरतं हा आपला समज तिथे सगळीकडे खरा नाही. रस्ता खोलगट भागातून जात असेल आणि वर पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, थांबा.

आता आदल्या संध्याकाळचं. फेरा जैसलमेरलाच परत येतो, त्यामुळे कपड्यांच्या बॅगा, पॅनियर सगळं हॉटेलवर ठेवा. ही सोय लांबच्या सहलीत क्वचित मिळते आणि लोक ती वापरत नाहीत. रिकामी गाडी वाळूच्या पट्ट्यात निम्मी सोपी जाते. बरोबर घ्यायचं ते एवढंच: पाणी, हत्यारं, पंक्चरचं सामान, पायाने मारायचा छोटा पंप, प्रथमोपचाराची पिशवी, गरम कपड्यांचा एक जास्तीचा थर, ओळखपत्र आणि रोख पैसे. गाडीला ट्यूबलेस टायर असतील तर दोऱ्या आणि सोल्यूशन पुरेल. ट्यूबचे टायर असतील, जुन्या बुलेटला आणि तारांच्या चाकांच्या बऱ्याच गाड्यांना असतात, तर दोन्ही चाकांच्या ट्यूब, टायर लिव्हर आणि मागचं चाक काढायचा पाना हवा. मुख्य म्हणजे ते चाक आपल्या हाताने घरी एकदा काढून पाहिलेलं हवं. रामगढच्या पुढे पंक्चरवाला मिळेल या भरवशावर जाऊ नका.

टायरवर रात्री हात फिरवा. थरमध्ये विलायती बाभूळ माजली आहे. तिचा काटा टायरमध्ये घुसून मोडतो, टोक आत राहतं आणि हवा इतकी हळू जाते की संध्याकाळी काही कळत नाही. सकाळी चाक बसलेलं दिसतं. म्हणून हवा रात्री एकदा बघायची, सकाळी एकदा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच निघायचं.

चेनच्या बाबतीत आपल्याकडची सवय उलटी आहे. पावसाळी प्रदेशात आपण चेनला भरपूर तेल पाजतो. तिथे ओल्या चेनला वाळू चिकटते आणि तेल-वाळूचा तो लगदा चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही खातो. संध्याकाळी गाडी आली, चेन कोमट आहे, तेव्हा कोरड्या ब्रशने झाडून घ्या, मग आतल्या बाजूने पातळ थर द्या आणि वरचं फडक्याने पुसून टाका. रात्रभर तो सुकतो. सकाळी निघताना तेल मारणं म्हणजे वाळूला आमंत्रण. एअर फिल्टर कागदाचा असेल तर काढून हलकेच आपटून धूळ झाडा. लांबची सहल असेल तर एक नवा बरोबर ठेवा, महाग नसतो आणि जागाही खात नाही.

पहाटे चारला अंधारात निघायचं, गाव जागं व्हायच्या आत शहर सोडायचं, उजाडताना घाट उतरायचा, ही आपल्या मंडळींची आवडती रीत. महाराष्ट्रात ती शहाणपणाची आहे. जैसलमेरला ती मोडा. अंधारात रस्त्यावर जनावरं असतात, थंडी पाच-सात अंशांवर असते, आणि ताशी ऐंशीच्या वाऱ्यात त्या थंडीने बोटं इतकी आखडतात की ब्रेकचा अंदाज जातो. सूर्य वर आला की पंधरा-वीस मिनिटांनी, पावणेआठच्या सुमाराला निघा. छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्राची घडी सरकवली तर वारा अडतो. उपाय जुना आहे, पण दुकानातल्या कितीतरी महागड्या थरांपेक्षा सरस. ऊन चढलं की काढून टाकता येते आणि पुढे साईड स्टँडखालीही कामाला येते. मूठ झाकणारी, हँडलला अडकवायची जाड कव्हरं तिकडच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात स्वस्तात मिळतात. दिसायला वाईट, पण घ्याच.

शहर सुटताच पवनचक्क्या लागतात. जैसलमेरचा हा पवनऊर्जा प्रकल्प देशातल्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक. तो उभारणारी सुझलॉन पुण्याची, त्यामुळे पुणेकर इथे उगाच घरच्यासारखं बघतात. पण या पवनचक्क्यांचा दुचाकीवाल्याला फुकटचा उपयोग आहे. पाती नेहमी वाऱ्याला तोंड करून असतात. पातं तुम्हाला समोरून पूर्ण गोल दिसत असेल तर वारा तुमच्या रस्त्याच्या दिशेनेच वाहतोय, एकतर तोंडावर किंवा पाठीवर. पातं कडेवर उभं, रेघेसारखं दिसत असेल तर वारा आडवा आहे, आणि आज दिवसभर गाडी थोडी कलती ठेवून चालवायची आहे. आडव्या वाऱ्यात हँडल घट्ट आवळून भांडू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल सोडा, वेग दहा-पंधराने उतरवा. खरा झटका ट्रक ओलांडताना बसतो: ट्रकच्या आडोशाला वारा अचानक थांबतो, गाडी ट्रककडे ओढल्यासारखी होते, आणि पुढे निघाल्याबरोबर वारा दुप्पट जोराने अंगावर येतो. हे आधी ठाऊक असलं की पुरे.

वेगाचं बोलूनच टाकू. ताशी सत्तर, फार तर पंचाहत्तर. रस्ता शंभरचा आहे, गाडी शंभरची आहे, मग का? कारण ताशी ऐंशीला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते, शंभरला अठ्ठावीस. वाळूच्या रंगाचा उंट, वाळूच्याच रंगाच्या टेकाडावरून रस्त्यावर येतो तेव्हा तो 'दिसायला' एक-दोन सेकंद जास्त लागतात. उंट हे विचित्र जनावर आहे रस्त्याच्या दृष्टीने. गाय निदान धडकेत तुमच्यासारखीच जमिनीजवळ असते. उंटाचे पाय लांब, धड उंचावर. गाडी पायांना लागते आणि अंगाचा सगळा भार चालवणाऱ्यावर येतो. एक उंट रस्ता ओलांडताना दिसला की दुसरा येणार हे धरून चाला. पिल्लू मागे राहिलं असेल तर आई परतूनही येते. हॉर्न वाजवू नका. थांबा, इंजिन बंद करा, दोन मिनिटं जाऊ द्या. मेंढ्यांच्या कळपाचंही तेच. आपल्याकडे धनगरांचे कळप दिवाळीनंतर रस्त्याने चालतात तसे तिकडे रेबारी लोकांचे. मेंढपाळ हाताने खूण करतो, त्याने सांगितलेल्या बाजूनेच जा. त्याला कळपाचा कल कळतो, आपल्याला कळत नाही. जाताना 'राम राम' म्हटलं की हात वर होतो.

रामगढला थांबणं सक्तीचं समजा. पेट्रोल इथे भरा, टाकी अर्धी असली तरी. पुढचा लोंगेवाला-तनोटचा फेरा एकशे चाळीसेक किलोमीटरचा आणि त्यात पंप नाही असं धरूनच चालायचं. गाडी एरवी देते त्याच्या दोन तृतीयांशच अंतर धरा, कारण समोरचा वारा आणि खालच्या गिअरमधली वाळू दोन्ही पेट्रोल पितात. रामगढचा पंप कधी वीज नाही म्हणून बंदही असू शकतो, तेव्हा जैसलमेरहून निघतानाही टाकी भरलेली असावी. बाटल्यांतून पेट्रोल नेऊ नका. गरज नाही आणि उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीसारखा सोबती नको.

इथेच चहा, बाजरीची भाकरी मिळाली तर भाकरी, आणि फोन. घरी, हॉटेलवर, कुणालाही सांगून ठेवा: आता अमुक वाजलेत, या रस्त्याने जातोय, चारपर्यंत पुन्हा रामगढला येऊन फोन करतो. पुढे मोबाईलची रेंज येते-जाते. नकाशा आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. सॅटेलाइट फोन मात्र कुणा परदेशी मित्राने दिला म्हणून नेऊ नका. परवान्याशिवाय तो बाळगणं भारतात गुन्हा आहे, आणि सरहद्दीवर सापडला तर खुलासे देत बसाल. ड्रोन हॉटेलवर ठेवून यायचा, नाहीतर घरीच. बरोबर अमेरिकेहून आलेला चुलतभाऊ किंवा लंडनची मैत्रीण असेल, पासपोर्ट परदेशी असेल, तर त्यांचे नियम वेगळे आहेत. जैसलमेरला जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारा, चौकीवर पोचून नव्हे.

रामगढच्या आसपास हिरवी शेतं दिसतात. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून निघालेल्या इंदिरा गांधी कालव्याचं पाणी या भागापर्यंत येतं. कालव्याजवळ थंडीच्या सकाळी धुकं धरतं आणि गुरंही तिथेच जमतात. कोरड्या वाळवंटात धुक्याची अपेक्षा नसते म्हणून सांगितलं. कालव्याचा पट्टा संपला की लोंगेवालाच्या रस्त्याला टेकड्या जवळ येतात. आता वाळूकडे वळू.

वाळू डांबरावर दोन तऱ्हांनी येते. एक, वाऱ्याबरोबर सरपटत जाणारी, धुरासारखी. ही दिसायला भीतीदायक, पण चाकाला तिचं फारसं काही नाही. काच खाली करा आणि चालू ठेवा. दुसरी, जिथे टेकडी रस्त्याला लागून आहे तिथे साचलेली, जिभेसारखी रस्त्यावर आलेली. हिची जाडी लांबून कळत नाही. कडेच्या गवताकडे बघा. सेवण गवताचे झुपके बुडापासून दिसत असतील तर थर पातळ. नुसते शेंडेच वर असतील तर जाड. समोरून गेलेल्या जीपची चाकोरी दिसत असेल तर तिच्यातून जा.

पट्टा दिसला की ब्रेक आत्ता, डांबरावर. वाळूवर पोचल्यावर ब्रेक नाही, विशेषतः पुढचा तर नाहीच. एक गिअर खाली घ्या, गाडी सरळ उभी ठेवा, अंग थोडं मागे, नजर पट्ट्याच्या पलीकडच्या डांबरावर. मूठ स्थिर ठेवा. पुढचं चाक डुलेल. डुलू द्या. त्याला सरळ करायच्या नादात हँडल आवळलं आणि मूठ सोडली की गाडी आडवी होते. माणूस पडतो तो डुलण्याने कमी, घाबरून मूठ सोडल्याने जास्त. क्लच दाबू नका, चाकाला इंजिनाचा जोर मिळत राहिला पाहिजे. पाय दोन्हीकडे सोडून बदकासारखं जायचं की फूटरेस्टवर उभं राहायचं यावर तासन्‌तास वाद घालणारे आहेत. माझं मत: पट्टा वीस-तीस मीटरचा आणि सवय नसेल तर पहिल्या गिअरमध्ये पाय टेकवत जा, कुणी बघत नाही. मागे बसलेल्याला उतरवून चालत यायला सांगा.

गाडी रुतली तर सर्वांत वाईट उपाय म्हणजे मूठ पिळणं. मागचं चाक खड्डा खणत जातं, क्लच प्लेटचा जळका वास येतो, आणि तो वास आला की नुकसान झालेलं असतं. इंजिन बंद करा. उतरा. गाडी एका बाजूला आडवी करून चाकाखालचा खड्डा हाताने भरा, गाडी उभी करा, आणि बाजूने चालत, पहिल्या गिअरमध्ये, ढकलत बाहेर काढा. लांबलचक वाळू असेल तर टायरमधली हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवतात, हे खरं. पण डांबरावर आल्यावर पुन्हा भरली नाही तर सत्तरच्या वेगात तोच टायर तापतो आणि गाडी पोहायला लागते. पंप बरोबर नसेल तर हवेला हातच लावू नका. आणि रील काढायला म्हणून गाडी टेकडीवर चढवायची असेल, तर तो वेगळा खेळ, वेगळी हलकी गाडी, वेगळा दिवस.

साचलेल्या वाळूपेक्षाही एक गोष्ट जास्त जणांना पाडते: साइडपट्टी. आतल्या रस्त्यांवर डांबर एकाच गाडीपुरतं असतं. समोरून ट्रक आला की तो डांबर सोडत नाही, सोडायचं आपण. साठच्या वेगात डांबराची कड उतरून भुसभुशीत वाळूत चाक गेलं की खेळ खलास. ट्रक लांब दिसतो, वेळ भरपूर असतो. वेग वीसवर आणा, मग कड उतरा, शक्य तर थांबाच. ट्रक गेल्यावर त्याच कडेला घासून वर चढू नका. चाक कडेशी काटकोनाकडे वळवून चढा.

थांबताना साईड स्टँडचं विसरू नका. स्टँडचं टोक लहान, वाळू मऊ. तुम्ही फोटोची चौकट लावत असता आणि मागे गाडी सावकाश, अगदी निवांत, कलंडते. तळहाताएवढा फळीचा तुकडा बरोबर ठेवा; नसेल तर चपटा दगड किंवा ती सकाळची वर्तमानपत्राची जाड घडी. गाडी उभी करून दहापर्यंत मोजा, मगच पाठ फिरवा.

लोंगेवालाला साडेदहाच्या सुमाराला पोचता. ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालच्या २३ पंजाबच्या एका कंपनीने पाकिस्तानी रणगाड्यांचा मोठा ताफा इथे थोपवून धरला. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं. 'बॉर्डर' सिनेमामुळे (१९९७) हे सगळ्यांना माहीत असतं, पण दुचाकीवाल्याने स्मारकाशी उभं राहून दोन बाबी नीट बघाव्यात. ताफ्यातली कितीतरी वाहनं मऊ वाळूत रुतली. आणि जैसलमेरहून येणारी हंटर विमानं रात्री लढू शकत नव्हती म्हणून सगळ्यांना पहाटेच्या उजेडाची वाट बघावी लागली. पट्ट्यांवर चालणारे रणगाडे जिथे रुतले, तिथे साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन तोऱ्यात टेकडीकडे वळणारे रोज दिसतात. स्मारकाला पाऊण तास द्या. परिसरात वाळूत पडलेली लोखंडी वस्तू, जुना गंजका तुकडा, काहीही उचलू नका. हा युद्धाचा मुलूख आहे आणि पोखरण भागात गोळीबाराच्या सरावाची क्षेत्रंही आहेत. लाल झेंडा किंवा फलक दिसला तर आत जायचं नाही.

लोंगेवालाहून घोटारूमार्गे खाली सम गावाला उतरणारा एक रस्ता आहे, आणि त्याचा मोह पडतो, कारण आलेल्या वाटेने परतायला कुणालाच आवडत नाही. पहिल्याच खेपेला तो घेऊ नका. वस्ती जवळजवळ नाही, वाळू वारंवार रस्त्यावर येते, आणि थंडीत दुपारनंतर सूर्य नैऋत्येला खाली असल्याने थेट डोळ्यांत येतो. दोन गाड्या असतील, चौकीवर विचारून घेतलं असेल, आणि बाराच्या आत निघत असाल तर ठीक.

पाण्याचं गणित सांगायलाच हवं, कारण थंडीत ते सगळ्यांचं चुकतं. उकाड्यात घाम दिसतो, म्हणून आपण पितो. तिथली हवा इतकी कोरडी की घाम सुटताच उडून जातो. अंग कोरडं, म्हणून वाटतं पाणी नकोच. दुपारी डोकं दुखायला लागतं, लघवी गडद होते, आणि नाकाचा घोळणा फुटतो. माणशी तीन लिटर थंडीत, फेब्रुवारीअखेर ऊन चढलं की पाच. सगळं एकाच बाटलीत नको, दोन ठिकाणी वाटून ठेवा; एक बॅग पडली किंवा फुटली तरी निम्मं राहतं. प्रत्येक थांब्यावर तहान असो-नसो, सात-आठ घोट. सकाळी निघताना नाकपुड्यांना आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. ओआरएसची दोन पाकिटं असावीतच. आणि चुकून गरम दिवसांत सापडलात, हवा अंगापेक्षा तापलेली असेल, तर जॅकेटच्या चेन उघडून 'वारं' घेऊ नका. ती गरम हवा उलट अंग तापवते आणि पाणी ओढून घेते. आतला टी-शर्ट ओला करून जॅकेट बंद ठेवा. मागे बसलेली व्यक्ती असंबद्ध बोलायला लागली, किंवा एकदम गप्प झाली, तर सावली, थांबा, अंगावर पाणी. सहल तिथे संपली, दवाखाना गाठायचा.

तनोटला साडेबारा-एकला पोचता. त्याआधी घंटियाली मातेचं देऊळ लागतं. तनोट मातेचं देऊळ सीमा सुरक्षा दलाचे जवान सांभाळतात. १९६५ च्या युद्धात देवळाभोवती पडलेले आणि न फुटलेले तोफगोळे काचेच्या कपाटात ठेवले आहेत. नवसाचे रुमाल जिकडेतिकडे बांधलेले. संध्याकाळची आरती जवान करतात आणि ती बघण्यासारखी असते, पण ती बघून जैसलमेरला परतायचा बेत करू नका. आरती हवी तर रामगढला मुक्काम ठेवा, तोही रस्ता अंधारात सावकाश काटायची तयारी ठेवून. देवळाच्या पुढे सरहद्दीच्या खांबापर्यंत जायला परवानगी लागते. ती मिळण्याची पद्धत बदलत असते, तिथेच विचारायची. नाही म्हणाले तर हुज्जत घालायची नाही.

जेवण हलकं. मग झोपा. थट्टा नाही करत. दिवसातला सर्वांत धोक्याचा टप्पा वाळूचा नाही, तनोटहून परतीचा आहे. पोट भरलेलं, ऊन उबदार, बघायचं ते बघून झालेलं, रस्ता सरळ आणि रिकामा. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. मागच्या पाच किलोमीटरमधलं काही आठवत नाही असं लक्षात आलं, की ती डुलकीच समजा. वीस मिनिटं आडवं व्हा, खेजडीच्या सावलीत. हिलाच आपण शमी म्हणतो. दसऱ्याला पूजतो, एरवी ओळखतही नाही. खाली काटे बघून पथारी टाका. पुढे दर चाळीस मिनिटांनी उतरायचंच, अगदी ताजंतवानं वाटत असलं तरी. कानात गाणी लावून जागं राहता येतं हा भ्रम आहे. मोठ्याने गा; ऐकणारं कोणी नाही, आणि श्वास लागत असल्याने झोप उडते.

परतीला तनोट-रामगढ टप्प्यात सूर्य उजव्या हाताला, पुढून येतो. काचेवर दिवसभराची धूळ असते. ती हातमोज्याने कोरडी पुसलीत की वाळूचे कण काचेवर कानशीसारखे फिरतात, आणि त्या बारीक ओरखड्यांमधून मावळतीचा उजेड आला की समोरचं काही दिसत नाही. बाटलीतलं पाणी आधी ओता, धूळ वाहू द्या, मग ओल्या मऊ फडक्याने. गडद काच लावून निघालेल्यांनी साधी काचही बरोबर ठेवावी.

रामगढला चारला फोन करायचा, तो करा. इथून लगेच सुटलात तर सूर्य उजव्या बाजूला, जरा मागे, आणि पाचच्या सुमाराला जैसलमेर. उशीर झाला असेल तर रामगढलाच राहायचं, सामान जैसलमेरला असलं तरी. शेवटचा तास सोडून द्या असं वर म्हटलं ते याचसाठी: डांबर दिवसभर ऊन खातं आणि वाळू लवकर निवते, त्यामुळे संध्याकाळी गुरं उबेला डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस, काळं डांबर, आणि समोरच्या ट्रकचा झोत डोळ्यांत. चिंकारे आणि नीलगाई याच वेळी हलतात.

माळढोक दिसला तर नशीब. जगात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेल्या या पक्ष्यांपैकी बहुतेक सगळे याच जिल्ह्यात आहेत. सोलापूरच्या नान्नजला त्याच्या नावाचं अभयारण्य आहे, त्यामुळे आपल्याला तो परका नाही. रस्त्यावरूनच बघा. गाडी त्याच्या दिशेने माळावर घालू नका, जवळचा फोटो कितीही हवासा वाटला तरी.

हॉटेलवर पोचलात की अंघोळीआधी गाडी. चेन झाडा, हवा बघा, टायरवर हात फिरवा, नटबोल्ट चाचपा, दिवे लावून बघा. दुसऱ्या दिवशी बारमेरमार्गे परत फिरणार असाल तर टप्पा जेमतेम दीडशे-एकशे साठ किलोमीटरचा आहे. मुद्दाम तेवढाच ठेवा. नकाशाच्या ॲपमध्ये वाहन म्हणून दुचाकी निवडा, नाहीतर ते तुम्हाला एखाद्या प्रवेश-नियंत्रित द्रुतगती महामार्गाच्या तोंडाशी नेऊन सोडेल. समृद्धीवर नाही घेत, तसं तिथेही दुचाकीला घेत नाहीत. जोधपूरकडून जाणार असाल तर वाटेत पोखरणला चमचम घ्या, डब्यात दोन दिवस टिकते. आणि ज्यांना सुट्टी आठवड्याचीच आहे त्यांनी जोधपूरहून गाडी रेल्वेच्या पार्सलने घरी पाठवावी: टाकी पूर्ण रिकामी, आरसे काढलेले, गाडीच्या कागदांच्या प्रती बरोबर, आणि निघण्याच्या किमान आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात हजर.